कॅलेंडरवरची ओवी आणि वाळलेली मोसंबी

२०१३ च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातली आमची मोसंबी वाळली. दोनशे दहा झाडं. टँकरनं पाणी घालून घालून दमलो, शेवटी जेसीबी लावून बाग काढली. भिंतीवर बायबलमधल्या वचनांचं कॅलेंडर होतं. त्या महिन्याचं वचन यिर्मया २९:११ (म्हणजे यिर्मया या पुस्तकाचा २९ वा अध्याय, ११ वी ओवी), देवाच्या मनात आपल्या हिताचेच विचार आहेत. रोज वाचायचो, रोज चिडायचो. एक पाहुणे प्रचारक 'तुमचा विश्वास कमी पडला' म्हणून मोकळे झाले. तीन महिने मी उपासनेला गेलो नाही.

विश्वासात नवीन आलेल्यांना मी म्हणूनच आधी हेच सांगतो: ओवी, म्हणजे बायबलमधलं वचन, एकटी वाचू नका, तिचा अध्याय अख्खा वाचा. यिर्मया २९ मधलं बरंचसं म्हणजे यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे, यरुशलेमेहून बाबेलातल्या बंदिवानांना धाडलेलं. अकराव्या ओवीच्या बरोबर आधी, दहाव्या ओवीत, सत्तर वर्षं लिहिली आहेत! म्हणजे पत्र ऐकणारे कितीतरी जण तिथंच माती होणार होते. आणि पाचव्या ओवीत सांगितलंय, घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा. त्यात माझ्या पिकाची हमी कुठंच नव्हती. ती मीच कॅलेंडरवरून ठरवून घेतली होती.

मग एक शंभरपानी वही घ्या. प्रत्येक अध्यायाला तीन ओळी: कोण कोणाला बोलतंय, देव कसा आहे ते काय कळलं, आणि काय कळलं नाही. तिसरी ओळ रिकामी सोडाल तर वहीचा उपयोग नाही. सुरुवात मार्कापासून, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रापासून करा, सोळाच अध्याय आहेत, रोज एक. मी रात्रपाळीची लाइट असली की मोटारीपाशी बसून वाचायचो. मन कोरडं असेल त्या दिवशी स्तोत्र १३ काढा. पहिल्या दोन ओव्यांतच दावीद चार वेळा 'कोठवर' विचारतो. देवाला असं विचारता येतं हे मला चाळिशीत कळलं, आता बोला.

शब्द अडला तर दुसरं भाषांतर शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी भाषांतर आहेच. तिसऱ्या ओळीतले प्रश्न पाळकांना विचारा, लाजू नका. बिरुया गावचे लोक तर पौल या प्रेषिताचं बोलणंसुद्धा शास्त्रात पडताळून बघायचे (प्रेषितांची कृत्ये १७:११), मग व्हॉट्सॲपवर आलेल्या संदेशाचं काय घेऊन बसलात?

येशूचा शिष्य पेत्रही बायबलमधल्या आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी आधी म्हणतो, ढळू नये म्हणून जपा, आणि लगेच म्हणतो, ख्रिस्ताच्या कृपेत व ज्ञानात वाढा. पण त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात ज्ञानापाठोपाठ इंद्रियदमन, म्हणजे स्वतःला आवरणं, येतं, आणि तिथं माझी गाडी अडली. मार्क ११:२५ वाचलं, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा क्षमा करा. चुलतभावाशी बांधावरून सहा वर्षं बोलणं नव्हतं. वहीत लिहून झालं, पण त्याच्या दारात जायला मला आठ दिवस लागले. चहा झाला. बांधाचं भांडण अजून मिटलेलं नाही, बोलणं मात्र चालू आहे.

कॅलेंडर आम्ही अजून लावतो. नवं पान उलटलं की बायको त्या वचनाखाली पेन्सिलीनं आधीच्या ओवीचा आकडा लिहून ठेवते.