आयर्लंडचं १९१६ साल मुलांना सांगायचं तर

सुट्टीत बेळगावच्या टिळकवाडीतली मुलं माझ्याकडे इतिहास ऐकायला येतात. १९१६ साली आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात इंग्रजांविरुद्ध झालेल्या बंडाची गोष्ट सांगताना सुरुवात डब्लिनपासून करू नका, बेळगावपासून करा. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर एप्रिलचा शेवटचा आठवडा आखा. २८ तारखेच्या घरात लिहा: टिळकांची होमरूल लीग, बेळगाव. ‘होमरूल’ म्हणजे स्वराज्य, हा शब्द आयर्लंडच्या लढ्यातून आला, हे इथंच सांगा. मग मागं या. सोमवार, २४ तारीख: डब्लिनच्या पोस्टाबाहेर पॅट्रिक पिअर्सनं प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. २९ला बंडखोरांची शरणागती. एकाच आठवड्यात! मुलं दोन्ही घरांवर बोट ठेवून गप्प होतात, होऊ द्या.

लढाई झटपट उरका, माणसांपाशी थांबा. जाहीरनाम्यावर सात नावं, त्यांत तिघे कवी. पिअर्स तर आयरिश आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत शिकवणारी शाळा चालवणारा मास्तर. घरात मराठी, गल्लीत कन्नड बोलणाऱ्या आमच्या पोरांना तो लगेच आपला वाटतो.

मग मे महिना. ३, ४, ५, ८, ९, १२ या तारखांना मुलांकडूनच काळ्या खडूनं फुल्या मारून घ्या. या दिवसांत इंग्रजांनी बंडातल्या पंधरा जणांना गोळ्या घातल्या. आधी बंडखोरांवर चिडलेले डब्लिनकर या फुल्यांमुळेच फिरले.