फ्लूची लस घ्यायला उशीर झाला? आता अशी घ्या

फ्लूची लस घ्यायची खरी वेळ मे-जून, पहिल्या पावसाआधी. पण ती बहुतेकांना आठवते तेव्हा पोळा होऊन गेलेला असतो आणि घरात कुणीतरी ‘आंग दुखस, ताप ऊना’ म्हणत अंथरूण धरलेले असते. तरीही घ्यावी. आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा उसळतो: पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर आणि पुन्हा जानेवारी ते मार्च. सप्टेंबर-ऑक्टोबरात घेतलेल्या लसीची पहिली लाट हुकते, पण दुसरीला ती कामी येते.

१. आधी दिवस मोजा. लसीचा असर यायला साधारण दोन आठवडे लागतात. ६ महिने ते ८ वर्षे वयाच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच ही लस मिळत असेल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. म्हणजे पूर्ण संरक्षणाला दीड महिना. त्यामुळे घरात उशिराची धावपळ करायचीच असेल, तर आधी लहान मुलांची करा.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. बाळाच्या सरकारी लसीकरण कार्डावर ‘पेंटाव्हॅलंट’ ही पाच आजारांची एकत्र लस असते, त्यातल्या ‘हिब’च्या पूर्ण नावात इन्फ्लुएंझा, म्हणजे फ्लू, हा शब्द आहे. पण हिब हा एक जिवाणू. त्याचा फ्लूशी संबंध नाही. फ्लूची लस वेगळी घ्यावी लागते.

२. कुणी थांबू नये? गरोदर महिला, ६५ वर्षांपुढचे, ६ महिने ते पाच वर्षांची मुले, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले. नंदुरबारच्या सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांना साधा फ्लूही छातीत उतरून महागात पडतो, त्यांची लस चुकवू नये. जोखमीच्या लोकांसाठी मोफत लस आहे का, हे जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात आधी विचारा. साठा कायम असतोच असे नाही.

३. खोके पाहा. हंगामाच्या शेवटी दुकानात उरलेला माल असतो, म्हणून हे महत्त्वाचे. फ्लूचा विषाणू बदलत राहतो. लसीत कोणते विषाणू घ्यायचे, हे जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी जाहीर करते. मुदत संपली नसली तरी खोक्यावर हंगामाचे वर्ष मागचे असू शकते. तसे असेल तर नव्या हंगामाची मागवून घ्या. फेब्रुवारी-मार्च उजाडला असेल, तर धडधाकट माणसाने नव्या लसीसाठी मेपर्यंत थांबले तरी चालते. वरच्या यादीतल्यांनी डॉक्टरांना विचारून लगेच घ्यावी.

‘चारवाली’, म्हणजे चार फ्लू-विषाणूंविरुद्धची, लसच हवी, असा हट्ट नको. तिच्यातला चौथा घटक, बी-यामागाता हा विषाणू, मार्च २०२० नंतर जगात खात्रीने आढळलेला नाही. तीन घटकांची लस त्यामुळे कमी पडत नाही.

४. लस स्वतः वाहून नेऊ नका. उशिरा घेणाऱ्यांचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजे. जळगावच्या मेडिकलमधून घेऊन प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि एसटीने चोपड्याला किंवा रावेरला नेली, तर ऑक्टोबरच्या उन्हात ती तापते. उलट बर्फाला चिकटवून ठेवली तर गोठते, आणि गोठलेली लस वितळली तरी निकामीच. दिसायला मात्र फरक कळेलच असे नाही. ज्या दवाखान्यात फ्रिज आहे तिथेच फोन करून मागवा आणि तिथेच टोचून घ्या. आणावीच लागली, तर जाड फ्लास्कमध्ये घाम सुटलेली, म्हणजे बाहेर काढून थोडी नरमलेली, जेलची पिशवी ठेवा आणि ती व लस यांच्यामध्ये फडके घाला. घरी पोचल्यावर फ्रिजच्या दारात नको, मधल्या कप्प्यात. रात्रभर वीज गेली असेल तर ती लस टोचून घेऊ नका.

५. टोचताना. मोठ्यांना ०.५ मिली, दंडाच्या वरच्या स्नायूत. लहान बाळाचे प्रमाण कंपनीप्रमाणे बदलू शकते, ते डॉक्टर लसीचे पत्रक पाहून ठरवतील. साधी सर्दी चालते; अंगात चांगलाच ताप असेल तर तो उतरू द्या. पूर्वी याच लसीची तीव्र ॲलर्जी आली असेल, किंवा लसीनंतर सहा आठवड्यांत गिलन-बारे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) झाला असेल, तर आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, टोचल्यावर जागा दोनेक मिनिटे दाबून धरायची, चोळायची नाही. नंतर १५ मिनिटे दवाखान्यातच बसा.

दंड एक-दोन दिवस दुखतो, थोडी कणकण येते. टोचतात त्या लसीत विषाणू मेलेला असतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही. पण पहिल्या दोन आठवड्यांत बाहेरचा फ्लू गाठू शकतो, आणि साथीत उशिरा लस घेणाऱ्याच्या बाबतीत तसे घडते. तेव्हा जोरदार ताप आणि खोकला आला तर ‘लसीचा ताप’ म्हणून अंगावर काढू नका. ऑसेल्टामिविर हे औषध ४८ तासांच्या आत सुरू केले तर जास्त उपयोगी पडते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दम लागला, ओठ निळसर दिसले किंवा बाळ पाजल्यावर पीत नसेल, तर सरळ रुग्णालयात न्या.