काच धुवायचा पाण्याचा पोल: देखभाल कशी करायची आणि अपग्रेडचे पैसे आधी कुठे घालायचे

काच धुवायचा पोल घसरायला लागला, म्हणजे उघडलेल्या नळ्या आपोआप आत सरकायला लागल्या, की कामावरची पोरं पहिलं काय करतात, तर एलन की घेऊन नळ्या जागी धरणारा क्लॅम्प आवळत बसतात. आज थोडा, उद्या अजून थोडा, आणि मग एक दिवस क्लॅम्पच्या बरोब्बर खाली नळीला उभी चीर दिसते. खरं तर बहुतेक वेळा क्लॅम्प सैल झालेलाच नसतो, आत चिखल साचलेला असतो. पुण्यात बांधकामाची धूळ किती ते सांगायला नको, ती काचेवरून पाण्याबरोबर पोलवर उतरते, सेक्शन (पोलची एकेक नळी) आत सरकवला की दोन नळ्यांच्या मधे जाऊन बसते आणि मग प्रत्येक वेळी पोल वरखाली केला की पॉलिश पेपर घासल्यासारखी नळी झिजत राहते.

ज्यांनी हा प्रकार बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लांब टेलिस्कोपिक काठी, वर ब्रश, आतून बारीक पाइप, पाइपातून क्षार काढलेलं शुद्ध पाणी. जमिनीवर उभं राहून काच घासायची, स्वच्छ पाण्याने धुवायची आणि पुसायची नाही, तशीच वाळू द्यायची. इंग्लंडमध्ये २००५ साली उंचावरच्या कामाचे नियम आले, तेव्हापासून तिकडे शिडीऐवजी पोल वापरायचं प्रमाण खूप वाढलं. आपल्याकडे चांगले पोल बहुतेक बाहेरूनच येतात, सुटा क्लॅम्प मागवला तरी आठवडे जातात, त्यामुळे आहे तो पोल सांभाळणं हाच स्वस्त उपाय.

रोजचं काम, जास्तीत जास्त दहा मिनिटं

पोल मिटवतानाच सुरुवात करायची. हातात ओलं मायक्रोफायबरचं फडकं घ्यायचं आणि सेक्शन आत जाताना फडक्यातूनच सरकवायचा, म्हणजे धूळ बाहेरच राहते. सेक्शन धाडकन खाली सोडायचा नाही, बोट चेमटतं आणि बुडाचं झाकण फुटतं. मग बुडाचं झाकण काढून पोल भिंतीला तिरका टेकवायचा, आतलं पाणी निथळू द्यायचं. आठवड्यातून एकदा सगळे सेक्शन पूर्ण वेगळे करून आतूनबाहेरून साध्या पाण्याने धुवायचे, आतून पुसायला एका दोरीला फडक्याची गाठ बांधून ती आरपार ओढायची, बंदूक साफ करतात तसं. सावलीत वाळवायचे. टेम्पोच्या कॅरियरवर दिवसभर उन्हात पोल बांधून ठेवणारे लोक मी बघितलेत (पहिल्या वर्षी मीपण त्यातलाच), ऊन धागे धरून ठेवणारं वरचं रेझिन खातं आणि मग धागे उघडे पडायला लागतात.

आणि तेल, ग्रीस, सिलिकॉन स्प्रे, काहीही लावायचं नाही. मी एकदा शिलाई मशीनचं तेल लावलं होतं, सेक्शन इतका मस्त सरकायला लागला की तिसऱ्या मजल्यावर ब्रश असताना सगळा पोल आपोआप मिटत खाली आला. नंतर साबणाने तीनदा धुतला तेव्हा कुठे पकड परत आली.

क्लॅम्प कधी आवळायचा

पोल धुऊन, वाळवूनही घसरत असेल तरच. क्लॅम्प बंद करून सेक्शन हाताने पिळून बघायचा, फिरला तर स्क्रू पाव फेरा आवळायचा, परत बघायचं, परत पाव फेरा. लिव्हर अंगठ्याने बंद झाला पाहिजे, तळहाताने ठोकावा लागत असेल तर जास्त झालं. क्लॅम्पच्या आतला पॅड झिजून गुळगुळीत झाला असेल तर मात्र आवळून उपयोग नाही, पॅडच बदला.

धागे निघाले, कुसळ लागलं तर

फायबरग्लासचं कुसळ बोटात गेलं की दोन दिवस आठवण राहते. जागा धुऊन वाळवायची, ४०० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून हलका फिरवायचा, कोरडा कधीच नाही कारण ती धूळ फुफ्फुसात जायला नको, मास्क आणि हातमोजे घालूनच. मग पातळ इपॉक्सीचा हात द्यायचा, पण अगदी पातळ, नाहीतर तो सेक्शन आत जाणारच नाही. चीर आहे का ते बघायला नाण्याने टकटक करत जायचं: चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, फाटलेल्या जागी बद्द. उभी चीर टोकाशी आणि छोटी असेल तर तेवढं टोक कापून काम चालतं, मधोमध असेल तर तो सेक्शन बदलायचा. टेप गुंडाळून चौथ्या मजल्याचं काम करायचं नाही, खाली माणसं चालत असतात.

ब्रशमधून पाणी वाकडं किंवा कमी येत असेल तर जेट (पाण्याची धार सोडणारं टोक) काढा, पाणी सोडा, घाण आपोआप निघते. बऱ्याचदा आत पिवळसर तपकिरी बारीक मणी सापडतात, ते पाण्यातले क्षार शोषणारं फिल्टरमधलं रेझिन असतं, म्हणजे रेझिनच्या भांड्याची जाळी फाटली आहे, तीही बघा. जेटच्या भोकात जाड सुई घुसवू नका, भोक मोठं झालं की धार फिस्कटते.

आता अपग्रेड

सगळ्यांना आधी हलका, कार्बन फायबरचा पोल हवा असतो. माझं मत विचाराल तर पहिला पैसा पाण्यात घाला. काच वाळल्यावर पांढरे ठिपके राहिले तर पोल सोन्याचा असला तरी क्लायंट परत बोलावणारच, आणि ती फेरी फुकटची. साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या, ब्रशमधून येणाऱ्या पाण्याचा आकडा शून्याजवळ हवा, १० च्या वर गेला की रेझिन बदलायची वेळ आली. घरच्या आरओचं पाणी आणून भागत नाही, त्यात बऱ्याचदा चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात आणि तासाला दहापंधरा लिटर मिळतं, आपल्याला मिनिटाला दीडदोन लिटर लागतं.

बोअरचं किंवा टँकरचं ५०० टीडीएसचं पाणी थेट रेझिनमधून काढलं तर रेझिन बघताबघता संपतं. आधी कमर्शियल आरओ बसवा. समजा आरओने ९५ टक्के क्षार काढले, तर रेझिनपर्यंत २५ च येतात, म्हणजे तेच रेझिन साधारण वीस पट पाणी देतं. आरओचं वाया जाणारं पाणी सोसायटीच्या पार्किंगला वापरायला द्या, सेक्रेटरी खूश होतात आणि नळ वापरू देतात.

दुसरा पैसा ब्रशमध्ये. हलका ब्रश घेतला की तोच पोल निम्म्या वजनाचा वाटतो, कारण टोकाशी असलेलं वजन हाताला सगळ्यात जास्त जाणवतं. ब्रश आणि पोलच्या मधे वाकणारा जोड घ्या, खिडकीच्या वर छज्जा असला की त्याशिवाय ब्रश काचेला सपाट लागतच नाही, आणि आपल्याकडे छज्जा कुठे नसतो.

तिसरं म्हणजे पाइप आणि पंप. पोलची उंची दहा मीटर असेल तर पाणी वर चढवायला साधारण एक बारच दाब लागतो, तो विशेष नाही, दाब खरा मरतो तो जमिनीवरच्या लांब, बारीक पाइपात. पोलच्या आतला पाइप बारीक ठेवा म्हणजे वजन कमी, जमिनीवरचा जाड घ्या. पंपासाठी शेतीच्या बॅटरीवाल्या फवारणी यंत्रातला १२ व्होल्टचा पंप मस्त चालतो, कृषी सेवा केंद्रात मिळतो, सुटे भागही मिळतात. नवा घ्या मात्र, औषध मारलेला नको.

पोल सगळ्यात शेवटी. दुसऱ्या मजल्यापर्यंतच काम असेल तर फायबरग्लास पुरे. त्याच्या वर जायचं असेल, रोज सहासात तास काम असेल, तर कार्बन घ्या, खांदे वाचतात. वरचेच दोन सेक्शन कार्बनचे घेऊन जुन्या पोलात बसवायचे असतील तर त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे हवेत, नाहीतर नळ्यांची मापं जुळत नाहीत, आधी बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून दुकानदाराला पाठवा.

कार्बन आणि ॲल्युमिनियम दोन्हीतून वीज वाहते, आणि ओला, मळका फायबरग्लासही भरवशाचा नाही. पोल उघडायच्या आधी मान वर करून तारा बघायच्या. पोल कुठल्याही बाजूला पडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही एवढ्या लांब उभं राहायचं, आणि तेवढी जागा नसेल तर त्या बाजूच्या खिडक्या सोडून द्यायच्या, बिलातून वजा करून.