जिल्ह्याच्या गावी ब्रेस्टचा रिपोर्ट लिहायला बसण्याआधी

एमडी पॅथॉलॉजी झालं की बहुतेकांना पुण्या-मुंबईत नोकरी हवी असते. ज्यांना ती बीड, हिंगोली, परभणी, धाराशिवकडे मिळते त्यांच्यासाठी हे लिहितेय. विषय एकच घेते, स्तनाच्या कॅन्सरचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट. माझी रेसिडेन्सी मराठवाड्यातल्याच सरकारी कॉलेजात झाली, पुढची वर्षंही इकडेच गेली. माझं मत आधीच सांगून टाकते: सुरुवातीचे काही महिने मायक्रोस्कोपइतकेच ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, दारातही घालवा.

एमआरएम, म्हणजे स्तन आणि काखेतल्या गाठी काढायचं ऑपरेशन, त्याचा नमुना इथे कसा येतो ते बघा. सर्जन दुपारी ऑपरेशन करतात. अख्खा स्तन काखेतल्या चरबीसकट बरणीत कोंबला जातो, वरून दोन बोटं फॉर्मॅलिन (टिशू सडू नये म्हणून घालायचं द्रावण), झाकण घट्ट, आणि बरणी खिडकीत. संध्याकाळी नातेवाईक ती पिशवीत घालून एसटीने घेऊन येतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही सुरी लावता. कडेची चरबी पिवळट आणि घट्ट झालेली असते, पण मधली गाठ गुलाबी, ओलसर, सुरीला चिकटणारी. वासही फॉर्मॅलिनचा नसतो. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं असं आपण शिकलेलो असतो, चरबीतून तर आणखी हळू. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो, म्हणजे ती गाठ रात्रभर आतून सडत असते.

याचे परिणाम स्लाइडवर दिसतात, पण ‘टिशू खराब आहे’ अशी पाटी लावून नव्हे. मायटोसिस, म्हणजे विभागणाऱ्या पेशी, ओळखू येत नाहीत, म्हणून ग्रेड (कॅन्सर किती आक्रमक त्याचा आकडा) खाली येते. ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टरचा रंग, फिकट पडतो किंवा लागतच नाही. पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) आणि हर-टू (पेशीवरचं आणखी एक प्रथिन) हेही नाही लागले की रिपोर्ट जातो ‘ट्रिपल निगेटिव्ह’. मग त्या बाईला टॅमॉक्सिफेन मिळत नाही, कारण हार्मोन रिसेप्टर असतील तरच ती देतात. कॅन्सरच्या औषधांत इतकी स्वस्त आणि इतकी कामाची गोळी दुसरी क्वचितच असेल, आणि जिच्याकडे पैसे नाहीत तिचीच ती हुकते.

म्हणून ओटीत जायचं. सर्जनना व्याख्यान देऊ नका, ओटीच्या सिस्टरांशी बोला. बरणी त्यांच्या हातात असते. मी गेले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, आम्हाला वाटायचं फॉर्मॅलिन म्हणजे लोणच्यातल्या तेलासारखं, वरून ओतलं की झालं.” त्यांचं काय चुकलं? कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायच्या गोष्टी थोड्याच आहेत. नमुना निघाल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे. फॉर्मॅलिन नमुन्याच्या किमान दहापट हवं. तेवढी मोठी बरणी नसेल तर झाकणाची बादली चालते. सर्जनना एवढीच विनंती करा की दिशा कळायला टाके घालून द्या आणि मागच्या, म्हणजे छातीकडच्या बाजूने गाठीतून चिरा द्या, कातडी न कापता. चिऱ्यात गॉज ठेवला की फॉर्मॅलिन आत पोचतं. चिरा देण्याआधी मागच्या पृष्ठभागाला इंडिया इंक लावलेली बरी, नाहीतर डीप मार्जिन (छातीकडची खरी कड) कुठली आणि चिऱ्याची कड कुठली यावर नंतर तुम्हीच डोकं खाजवत बसाल. शाईची बाटली मीच ओटीत नेऊन ठेवते.

फॉर्मॅलिन कुठून येतं तेही बघा. बऱ्याच ठिकाणी बाजारातलं फॉर्मॅलिन नळाच्या पाण्यात अंदाजाने मिसळलेलं असतं. बफर्ड फॉर्मॅलिन लॅबमध्ये बनवून द्या: १०० मिलि फॉर्मॅलिन, ९०० मिलि डिस्टिल्ड वॉटर, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट, ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. बोअरचं पाणी वापरू नका. (२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात डिस्टिल्ड वॉटर मागितलं की स्टोअरवाला कसा बघतो ते तुम्हाला कळेलच. तरी मागा.) सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये आलेला नमुना आला तसा रिपोर्टात नोंदवा.

वेळ लिहून घ्या. नमुना किती वाजता निघाला, किती वाजता फॉर्मॅलिनमध्ये पडला. मार्करसाठी (ईआर, पीआर, हर-टूच्या तपासण्यांसाठी) ६ ते ७२ तासांचं फिक्सेशन, म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये मुरणं, लागतं. शनिवारी दुपारचं ऑपरेशन सोमवारी सकाळी ग्रॉस केलं, म्हणजे कापून तुकडे घेतले, तर बसतं. दिवाळीच्या सुट्ट्या जोडून आल्या की ७२ ओलांडतात, तेव्हा सुट्टीच्या दिवशी येऊन तुकडे प्रोसेसरला (मेणात बसवण्याआधीच्या यंत्राला) लावा. उलटी घाईही नको. सकाळी घेतलेली ट्रूकट (जाड सुईची बायोप्सी) दुपारी प्रोसेसरला टाकू नका. तुकडा बारीक असला तरी सहा तास लागतातच. खरं तर ईआर, पीआर, हर-टू शक्यतो ट्रूकटवरच करून घ्या, कारण तिथे फिक्सेशन हमखास नीट होतं. अडचण अशी की इथे पुष्कळ गाठी बायोप्सी न करताच काढल्या जातात.

मार्कर तुमच्याकडे होत नसतील तर ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, बाहेर जाईल. कुठला ब्लॉक पाठवायचा ते तुम्ही ठरवा, टेक्निशियनवर सोडू नका. ज्यात गाठ आणि शेजारी थोड्या नॉर्मल नलिका दोन्ही आहेत असा निवडा. त्या नॉर्मल नलिकांत ईआर लागलेला दिसला तरच गाठीतला ‘निगेटिव्ह’ मानायचा. त्याही कोऱ्या असतील तर दुसऱ्या ब्लॉकवर परत करा, किंवा जुनी ट्रूकट शोधा. ईआरचे टक्के लिहा. १ टक्का पेशींपासून पुढे पॉझिटिव्ह, १ ते १० म्हणजे ‘लो पॉझिटिव्ह’. हर-टू २+ (धड हो नाही, धड नाही नाही) आला तर ‘फिश करावी’ (हर-टूच्या जनुकाची तपासणी) हे वाक्य रिपोर्टात हवंच.

ग्रेडचं एक सांगते, कारण यात नवीन मुलं हमखास अडकतात. नॉटिंगहॅमची बेरीज (ट्यूब्यूल, न्यूक्लियस, मायटोसिस यांच्या गुणांची) सगळ्यांना पाठ असते, पण आपल्या मायक्रोस्कोपचं फील्ड किती मोठं आहे हे माहीत नसतं. आयपीसवर फील्ड नंबर कोरलेला असतो. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या ४० ने भागा. २० असेल तर व्यास ०.५० मिमी, २२ असेल तर ०.५५. समजा दहा फील्डांत १५ मायटोसिस मोजले. पहिल्या मायक्रोस्कोपवर त्याचे ३ गुण, दुसऱ्यावर २. ट्यूब्यूलला ३ आणि न्यूक्लियसला २ असतील तर तीच स्लाइड एका टेबलावर ग्रेड ३ (बेरीज ८), शेजारच्या टेबलावर ग्रेड २ (बेरीज ७). व्यास कागदावर लिहून मायक्रोस्कोपला चिकटवा.

काखेतल्या गाठींना, म्हणजे लसिकाग्रंथींना, वेळ द्या. चरबी बोटांनी दाबून, चाचपून शोधावी लागते, डोळे चुरचुरतात, आणि चार-पाच सापडल्या की थांबावंसं वाटतं. किमान दहा हव्यात. नसतील तर चरबी परत फॉर्मॅलिनमध्ये टाकून दुसऱ्या दिवशी बसा. केमोनंतरच्या काखेत मात्र खरंच कमी मिळू शकतात, पण केमो दिली होती हे फॉर्मवर लिहिलेलं असेल तर ना! फॉर्मवर ‘सीए ब्रेस्ट’ इतकंच असतं, डावा की उजवा तेही नाही. अशा वेळी सरळ फोन करा.

रिपोर्ट लिहिताना ठरावीक नमुना समोर ठेवा, ओघवत्या परिच्छेदांच्या नादी लागू नका. गाठीचं माप मिलिमीटरमध्ये, प्रकार, ग्रेडचे तिन्ही आकडे, मार्जिनचं अंतर, रक्त-लसिकावाहिन्यांत शिरकाव, काखेतल्या किती गाठी मिळाल्या, किती बाधित, त्यांतला कॅन्सरचा सर्वांत मोठा डिपॉझिट केवढा, कॅप्सूलबाहेर आहे का, पीटी आणि पीएन (गाठीची आणि काखेची स्टेज). जे बघता आलं नाही तिथे ‘ठरवता आले नाही’ लिहा आणि कारण द्या. रकाना कोरा ठेवलात तर वाचणारा ‘नाही’ असं समजतो.

आणि तो वाचणारा बहुधा तुम्हाला ओळखत नसतो. नांदेडची बाई हैदराबादला जाते, भूम-परंड्याची बार्शीला, कुणी संभाजीनगरच्या कॅन्सर हॉस्पिटलला, कुणी टाटाला. बीडकडच्या बायकांचं आणखी वेगळं. ऊसतोडीची उचल आधीच घेतलेली असते, दिवाळीच्या सुमारास कोयता, म्हणजे तोडणीला जाणारं जोडपं, निघतो, आणि टाके सुकले-न-सुकले तोच ती कारखान्यावर पोचते. तिथल्या डॉक्टरांपुढे तुमचा कागद असतो, दुसरं काही नाही.

ब्लॉक मागायला नातेवाईक येतात तेव्हा खळखळ करू नका. पुढचं हॉस्पिटल स्लाइड आणि ब्लॉक मागणारच. एक ब्लॉक आपल्याकडे ठेवा, दिलेल्याची वहीत सही घ्या, कुठल्या ब्लॉकवर मार्कर झाले ते नंबरासकट रिपोर्टात लिहा. उन्हाळ्यात ब्लॉक गाडीत पुढे काचेखाली ठेवू नका म्हणून बजावा, मेण मऊ पडतं. रिपोर्टवर तुमचा मोबाइल नंबर छापा. बहुतेक फोन ‘रिपोर्ट कधी मिळेल’ एवढ्यासाठीच येतील. पण अधूनमधून एखादा ऑन्कोलॉजिस्ट विचारेल की डीप मार्जिन नेमकी किती मिलिमीटर, आणि त्यासाठी ग्रॉसिंगची वही हाताशी असू द्या.