हिवाळ्यापूर्वी मोटरहोममधील पाण्याची व मैल्याची व्यवस्था कशी बंद करावी

मोटरहोम किंवा कॅराव्हॅन (राहण्याची सोय असलेली गाडी) हिवाळाभर उघड्यावर उभी राहणार असेल आणि तेथील तापमान शून्याखाली जात असेल, तर तिच्यातील पाणी काढण्याचे काम गोठवणाऱ्या पहिल्या रात्रीआधी पुरे झाले पाहिजे. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. अर्धवट भरलेल्या टाकीत या वाढीला जागा असते. परंतु नळाच्या कार्ट्रिजमध्ये (पाणी उघडझाप करणाऱ्या आतल्या भागात), पंपाच्या आत किंवा कमोडच्या व्हॉल्व्हमध्ये अडकलेल्या चमचाभर पाण्याला ती मिळत नाही आणि तेच पाणी प्लास्टिक फोडते. पेक्सच्या (लवचिक प्लास्टिकच्या) नळ्या थोड्या ताणल्या जातात म्हणून त्या अनेकदा वाचतात, तडा जातो तो जोडांना आणि उपकरणांना. हे नुकसान हिवाळ्यात कळतही नाही, कारण गळती सुरू होते ती बर्फ वितळून पुन्हा पाणी भरल्यावर. त्यामुळे टाक्या रिकाम्या केल्या की काम झाले असे मानू नये. न दिसणारे पाणी शोधून काढणे हेच मुख्य काम आहे.

सुरुवात मैल्याच्या टाकीपासून करावी, कारण ती अधिकृत निचरा केंद्रावरच रिकामी करता येते आणि तेथे गाडी न्यावी लागते. आधी मैल्याची टाकी सोडावी, नंतर सिंक व शॉवरच्या सांडपाण्याची, म्हणजे मागून येणारे साबणाचे पाणी होजपाइप धुऊन काढते. मैल्याची टाकी रिकामी झाली तरी तळाशी व कडांना मळ चिकटलेला असतो आणि महिनोन्‌महिने वाळला की तो खरवडूनही निघत नाही, पातळी दाखवणारे सेन्सरही त्याने निकामी होतात. म्हणून टाकीत पुन्हा पाणी भरून ती दोन-तीन वेळा, बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवावी. हातमोजे घालावेत आणि या कामाचा होजपाइप पिण्याच्या पाण्याजवळ कधीही आणू नये.

आता स्वच्छ पाण्याकडे वळावे. गीझरची वीज व गॅस बंद करून त्यातील पाणी पूर्ण थंड होऊ द्यावे. यासाठी काही तास लागतात आणि येथे घाई केल्यास कडकडीत गरम पाणी दाबासह अंगावर येऊ शकते. पाण्याचा पंप बंद करून एखादा नळ उघडावा, गीझरचा दाबमुक्ती व्हॉल्व्ह उचलून उरलेला दाब जाऊ द्यावा आणि मगच बाजूला उभे राहून ड्रेन प्लग काढावा. काही गीझरांत या प्लगलाच अ‍ॅनोड रॉड जोडलेला असतो. तो झिजण्यासाठीच बसवलेला असतो, कारण टाकीऐवजी तो स्वतः गंजतो. तीन चतुर्थांश झिजला असेल तर नवा बसवावा. टाकीच्या तळाशी साचलेला क्षार आताच धुऊन घेतलेला बरा. त्यानंतर स्वच्छ पाण्याच्या टाकीचा निचरा उघडावा आणि गाडीच्या पोटाखाली सर्वांत खालच्या पातळीवर असलेले गरम व थंड पाण्याच्या नळ्यांचे दोन्ही निचरा-व्हॉल्व्ह उघडून सगळे नळ मोकळे सोडावेत. पाण्याचा फिल्टर काढून ठेवावा.

नळ्यांत अजूनही बरेच पाणी असते. ते काढण्याचे दोन मार्ग आहेत, कॉम्प्रेसरची हवा आणि अँटीफ्रीझ (पाण्याइतक्या सहज न गोठणारे द्रव), आणि दोन्हींपैकी एकच निवडण्याचा आग्रह मला योग्य वाटत नाही. नुसती हवा वापरली तर पंपातील पाणी तसेच राहते, कारण बाहेरच्या नळजोडातून (जेथे बाहेरच्या नळाचा पाइप गाडीला जोडतात) सोडलेली हवा पंपाच्या एकदिशा व्हॉल्व्हपाशी अडते. नुसते अँटीफ्रीझ वापरले तर नळ्यांतील पाण्यात मिसळून ते पातळ होते आणि त्याची ताकद घटते. आधी हवा व नंतर अँटीफ्रीझ हा क्रम दोन्ही उणिवा भरून काढतो.

त्याआधी गीझरचे बायपास व्हॉल्व्ह फिरवून तो मार्गातून वगळावा आणि निचऱ्याचे सर्व व्हॉल्व्ह बंद करावेत. नळजोडावर हवेचे अ‍ॅडॅप्टर बसवून दाब ३० ते ४० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) दरम्यान ठेवावा. जास्त दाबाने जोड निसटतात. एका वेळी एकच नळ, प्रथम गरम बाजूचा आणि मग थंड बाजूचा, फवारा थांबून कोरडी हवा येईपर्यंत उघडा ठेवावा. कमोडचे पेडल व बाहेरचा शॉवर यांनाही हेच लागू आहे.

अँटीफ्रीझ निवडताना मात्र कसलीही तडजोड करू नये. मोटरहोमच्या पाण्याच्या नळ्यांसाठी मिळणारे, प्रॉपिलीन ग्लायकॉलचे, बहुधा गुलाबी रंगाचे द्रव्यच घ्यावे. इंजिनच्या रेडिएटरमधील इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट विषारी असते. ते या नळ्यांत कधीही जाता कामा नये. बाटलीवर उणे ४६ अंश सेल्सिअससारखा आकडा असतो, तो नळ्या न फुटण्याची मर्यादा सांगतो. द्रव त्याच्या बराच आधी लगद्यासारखा होतो, तरी तो बर्फासारखा घट्ट होऊन नळीवर जोर देत नाही. हे द्रव तयार स्वरूपात मिळते, त्यात पाणी घालू नये. मध्यम आकाराच्या गाडीला साधारण ८ ते १२ लिटर पुरते. गीझर बायपास केला नाही तर तेवढेच आणखी त्याच्या टाकीतच वाया जाऊ शकते.

पंपाच्या ओढ-बाजूची (टाकीतून पाणी ओढणारी) नळी बाटलीत बुडवून पंप सुरू करावा. पंपाजवळच्या नळापासून सुरुवात करून प्रत्येक नळाच्या गरम व थंड बाजूतून गडद गुलाबी द्रव येईपर्यंत थांबावे, फिकट रंगावर समाधान मानू नये. शॉवर, हाती धरायचा फवारा, कमोड, बाहेरचा शॉवर, असल्यास वॉशिंग मशीन आणि बर्फयंत्र यांपैकी जे विसरले जाते तेच फुटते, म्हणून गाडीतील पाण्याच्या प्रत्येक ठिकाणाची यादी आधीच कागदावर लिहून काढावी. शेवटी पंप बंद करून, नळ उघडून दाब उतरवावा आणि बाहेरच्या नळजोडाची जाळी काढून आतली छोटी झडप बोथट टोकाने दाबावी. तेथे अडकलेले पाणी जाऊन गुलाबी द्रव दिसला की जाळी परत लावावी.

सिंक व शॉवरखालच्या वाकड्या ट्रॅपमध्ये (पाणी साचून राहणाऱ्या नळीच्या वळणात) प्रत्येकी एक-दोन कप अँटीफ्रीझ ओतावे. कमोडच्या भांड्यात थोडे राहू द्यावे, त्यामुळे तळाचे रबरी सील सुकत नाही. मैल्याच्या व सांडपाण्याच्या टाकीत सुमारे लिटरभर सोडावे, जेणेकरून निचऱ्याच्या व्हॉल्व्हपाशी उरलेले पाणी गोठून तो जाम होणार नाही. हे दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवावेत.

गीझर रिकामा असताना त्याची वीज चुकून चालू झाली तर हीटिंग एलिमेंट क्षणात जळते. स्विचवर चिकटपट्टी लावून ‘टाकी रिकामी आहे’ असे ठळक लिहून ठेवावे. वसंतात गाडी पुन्हा काढताना आधी गुलाबी रंग व फेस जाईपर्यंत नळ्या धुवाव्यात, प्लग बसवून गीझर पाण्याने पूर्ण भरावा आणि स्वच्छ पाण्याच्या टाकीत दर लिटरमागे साधारण १ मिलिलिटर या प्रमाणात घरगुती, सुगंधविरहित ब्लीच मिसळून ते पाणी प्रत्येक नळापर्यंत पोहोचवावे. काही तास तसेच ठेवून वास जाईपर्यंत धुतल्यावरच फिल्टर बसवावा आणि चिकटपट्टी काढावी.