फोक मेटल कुठून ऐकायला घ्यावं: एका ताशेवाल्याचा सल्ला

फोक मेटल म्हणजे मेटलच्या जड गिटार-ड्रममध्ये लोकसंगीताच्या धुना आणि वाद्यं मिसळलेलं संगीत. त्यात बाथरी या बँडपासून सुरुवात करू नका. कुठलीही यादी उघडा, स्वीडनच्या बाथरीचा १९९० चा 'हॅमरहार्ट' पहिल्या पाचांत असतोच. त्याचा मान आहे, वादच नाही. पण नवख्याला तो संथ आणि खरखरीत वाटतो. दुसऱ्या गाण्यालाच फोन खिशात जातो, आणि गडी परत त्या वाटेला फिरकत नाही. आमच्या पथकातली पोरं सराव संपला की नदीपात्रात चहा पिताना विचारतात, "दादा, तुझं ते व्हायोलिनवालं मेटल कुठून ऐकू?" त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय. मी ताशा वाजवतो, त्यामुळे माझा कान आधी ठेक्याकडे जातो. खालचा क्रमही त्याच हिशेबाने लावलाय.

पहिला अल्बम फिनट्रोलचा 'नाटफ्योड', २००४ चा. बँड फिनलंडचा, गाणी मात्र स्वीडिश भाषेत. यांनी ब्लॅक मेटलला, म्हणजे मेटलच्या वेगवान, किंचाळत्या प्रकाराला, हुम्पाची जोड दिली. हुम्पा म्हणजे फिनलंडमधला जोडीनं नाचायचा झपझप चालणारा, दोनाच्या ठेक्यातला प्रकार. 'ट्रोलहामरेन' हे गाणं लावा आणि फक्त पायाकडे लक्ष द्या. पाय हलला तर पुढे वाचा. नाही हलला तर हे संगीत बहुधा तुमच्यासाठी नाही, वेळ वाचला म्हणायचं.

गायकाच्या गुरगुराटाला पोरं बिचकतात. त्यात शब्द शोधायला जाऊ नका, तोही एक ड्रमच आहे असं धरून चाला. पहिल्यांदा ऐकताना धून पकडायची, दुसऱ्यांदा मांडीवर ठेका धरायचा. शब्द वाचायचे ते त्यानंतर. आणि गाणी शफलवर टाकायची नाहीत. या लोकांचे अल्बम सलग ऐकायलाच रचलेले असतात, सुरुवातीच्या त्या मिनिटभराच्या वाऱ्यापावसाच्या आवाजासकट.

आता कसोटी. गाणं चालू असताना मनातल्या मनात व्हायोलिन, बासरी, जे काही असेल ते काढून टाका. गाणं होतं तसंच उभं राहिलं, तर ते वाद्य कोथिंबिरीसारखं वरून भुरभुरलंय. असे अल्बम ढिगानं आहेत, त्यांच्यामागे लागू नका.

या कसोटीवर स्वित्झर्लंडच्या एल्वेटीचा 'स्लानिया' (२००८) खणखणीत उतरतो. त्यात हर्डी-गर्डी नावाचं वाद्य आहे. हाताने दांडा फिरवायचा, त्यावर आतलं चाक फिरून तारांवर घासतं आणि सूर तुटतच नाही. एक तार धून वाजवते, दुसऱ्या मागे एकाच सुरावर गुणगुणत राहतात. आपल्या तुणतुण्याला सवयलेल्या कानाला हे परकं वाटत नाही. 'इनिस मोना' या गाण्याची मूळ धून फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या पारंपरिक गाण्याची आहे. ती काढली तर गाण्यात उरतंच काय? घरात आरडाओरडा चालत नसेल तर याच बँडचा 'इव्होकेशन १' (२००९) घ्या. तो बव्हंशी अकूस्टिक, म्हणजे विजेच्या गिटारीशिवायचा, आहे. आमच्याकडे रविवारी सकाळी पोह्यांबरोबर लागतो आणि आई काहीही बोलत नाही, हे मी प्रशस्तिपत्रक समजतो.

एवढं पचलं की आयर्लंडच्या प्रायमॉर्डियलचा 'द गॅदरिंग विल्डरनेस' (२००५) लावायचा. इथे माझीच कसोटी निकामी होते, कारण काढून टाकायला बासरीही नाही आणि फिडलही (लोकसंगीतातलं व्हायोलिन) नाही. गिटार, बास, ड्रम आणि माणसाचा आवाज, बस. तरी हा मला या यादीतला सगळ्यात अस्सल वाटतो. यांचे ठेके बऱ्याचदा सहाचे असतात. मोजून बघा: एक-दोन-तीन, चार-पाच-सहा, डोलत डोलत पुढे जाणारे. इतर मेटलवाले चाराच्या मात्रेत सरळ ठोकत असतात, हे मात्र लाटेसारखे वर येतात आणि खाली जातात. त्यात 'द कॉफिन शिप्स' हे गाणं १८४० च्या दशकातल्या आयरिश दुष्काळावर आहे. बटाट्यावर रोग पडला, लाखो माणसं मेली. जी जहाजांत कोंबून अमेरिकेकडे निघाली, त्यांतलीही कितीतरी वाटेतच गेली. गायक इथे गुरगुरत नाही, मोकळ्या गळ्याने हंबरडा फोडल्यासारखा गातो. मी ते बसमध्ये ऐकत नाही.

आता बाथरीकडे वळा. 'हॅमरहार्ट'च्या मुखपृष्ठावर फ्रँक डिक्सीचं १८९३ चं चित्र आहे: व्हायकिंग सरदाराचं प्रेत घेऊन पेटलेली नाव समुद्रात ढकलतायत. ते आधी नीट बघा आणि मग शेवटचं 'वन रोड टू आसा बे' ऐका. गावात नवा धर्म घेऊन स्वार येतात आणि गावकऱ्यांकडूनच देऊळ बांधून घेतात, अशी गोष्ट. पेगन मेटलचा, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या देवांची गाणी गाणाऱ्या मेटलचा, अर्धा मजकूर पुढे याच गोष्टीतून आला.

त्याच वाटेवर थेट फिनलंडचा मूनसॉरो. फिनट्रोलच्या धुना रचणारा हेन्री सोर्वाली इथेही आहे, पण इथे नाच नाही. २००७ च्या 'हाविटेट्टी'त दोनच गाणी, एक तीस मिनिटांचं आणि दुसरं सव्वीसचं. लोक म्हणतात एवढा वेळ कुठे असतो. हिंजवडीहून संध्याकाळी सहाला निघा, दोन्ही गाणी होऊन वर वेळ उरतो. पाच-सात मिनिटं काही घडत नाही असं वाटलं तरी पुढे ढकलू नका, कारण नंतर कोरस येतो तो त्या थांबण्यामुळेच अंगावर येतो.

बाकीचे भराभर. अमॉर्फिसचा १९९४ चा 'टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स': शब्द 'कालेवाला' या फिनिश महाकाव्यावरून, कीबोर्ड सुरेख, जरूर ऐका. फेरो बेटांच्या ट्यूरचा 'एरिक द रेड' (२००३): तिकडे लोक फेर धरून वाद्याशिवाय कवनं गातात, ती चाल यांनी गिटारवर आणलीय. इंग्लंडच्या स्कायक्लॅडचा १९९१ चा पहिला अल्बम इतिहास म्हणून मोठा, पण फिडल खरं रुळलं ते पुढच्या अल्बमपासून, तेव्हा घाई नाही. कोर्पिक्लानीची दारूची गाणी एका पार्टीपुरती ठीक.

पेगन म्हणवणाऱ्या काही ब्लॅक मेटल बँडच्या पोटात वंशद्वेष आणि नाझीप्रेम दडलेलं असतं. चिन्हं बघून भारावून एफसी रोडवर टी-शर्ट छापून घेण्याआधी त्यांच्या मुलाखती वाचा.

ऐकायला इयरफोन साधे असले तरी चालतील, फोनचा स्पीकर नको. त्यात बास ड्रम मरतो आणि नुसती झांज उरते.

आशियातलं हवं असेल तर मंगोलियाच्या द हूचा 'द गेरेग' (२०१९): घोड्याचं मुंडकं कोरलेलं दोन तारांचं मोरिन खूर आणि घशातून काढलेला खर्ज. दिल्लीच्या ब्लडीवूडचा 'रक्षक' (२०२२) ढोलासाठी ऐका. मात्र तो पंजाबी ढोल, दोन्ही हातांत काठ्या. आपल्यासारखं एकीकडे टिपरू आणि दुसरीकडे थाप असा प्रकार नाही, त्यामुळे आवाजाचं वजन वेगळं पडतं. हलगी, संबळ आणि दोन गिटार घेऊन कुणी पुण्यात असा अल्बम करत असेल तर मला कळवा. ताशाला मी गणपतीचे दिवस सोडून कधीही मोकळा आहे.