कुटारावरचे पंधरा दिवस

स्वसंरक्षणाच्या क्लासमध्ये पहिले पंधरा दिवस बाईंनी मला फक्त पाडलं. मी गेले होते मारायला शिकायला, आणि इथं आपलं उभं राहा, मागं पडा, उठा, पुन्हा पडा. मॅट नव्हती. तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, गोणपाटांत भरून अंथरलेलं, वर ताडपत्री. घरी आल्यावर मान रात्रभर खाजायची. आई म्हणे, "पैशे देऊन पडाले जाते व तू?"

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या रस्त्यावर, फाट्यापासून दीड किलोमीटर आत. कॉलेज तालुक्याला. शिकवणाऱ्या बाई अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तयार झालेल्या. ती संस्था 1914 पासूनची, आमच्या भागात शारीरिक शिक्षण म्हटलं की पहिलं तेच नाव निघतं. बाईंचा विषय ज्युडो. जपानात 1882 साली जिगोरो कानो यांनी तो सुरू केला, आणि त्यातही पडणंच आधी शिकवतात. हनुवटी छातीला, नजर कमरेच्या गाठीवर, पाठ गोल, आणि पाठ टेकते त्या क्षणी दोन्ही तळहात जमिनीवर फटकन, अंगापासून जरा लांब. मागं हात टेकवायला गेलात की मनगट गेलंच. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी अचानक ढकललं आणि मी न घाबरता पडले, लगेच उठलेही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, जमतंय.

पडण्याहून अवघड निघाला आवाज. बाईंनी आम्हा चौघींना वावराच्या एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं केलं, स्वतः पलीकडच्या धुऱ्यावर गेल्या, आणि म्हणाल्या, "मागं हो, असं ओरडा. मला इथं ऐकू आलं पाहिजे." आम्ही तोंडाला ओढणी लावून हसत सुटलो. माझा आवाज निघाला तो सर्दी झालेल्या मांजरीसारखा. लहानपणापासून "हळू बोल, लोकं ऐकतात" एवढंच ऐकलेलं. लोकांनी ऐकावं म्हणून बोलायची सवयच नव्हती. पंच मारायला महिना लागला असेल, पोटातून आवाज काढायला मला दोन लागले.

कामी आला तो आवाजच. फाट्यावर एक मोटरसायकल रोज येऊन अगदी पायाशी थांबायची. तो काही बोलायचा नाही, फक्त थांबायचा, आणि मी रोज चार पावलं मागं सरकायची. एक दिवस नाही सरकले. "गाडी मागं घे," एवढंच म्हटलं, पण धुऱ्यावरच्या आवाजात. पानठेल्यावरचे दोघं-तिघं वळून पाहू लागले. त्यानं गाडी मागं घेतली. मी शूरबीर काही झाले नव्हते. एसटीत बसल्यावर अर्ध्या तिकिटाचे पैसे हातातून दोनदा पडले. पण दुसऱ्या दिवशी त्याच फाट्यावर उभं राहताना पाय तसे कापले नाहीत. अंगावर हात टाकण्याची वेळ आली नाही, येऊही नये. तो पुन्हा आला असता तर तक्रार करायचं मात्र मी ठरवून ठेवलं होतं. नको म्हटल्यावरही पाठलाग करत राहणं हा गुन्हा आहे, आणि तातडीच्या मदतीचा 112 हा नंबर मोबाइलमध्ये असावाच.

मनगट सोडवण्याचं मी घरी आईला दाखवायला गेले. तिनं धरलं आणि मी अडकलेच. इतकी वर्षं कापूस वेचलेला हात तो! मी नुसती ओढत होते, ही चूक. पकडणाऱ्याची चार बोटं एका बाजूला असतात, दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा. सुटायचं ते अंगठ्याच्या फटीकडून: आपलं कोपर बरगडीला चिकटवायचं, मूठ वळवून मनगटाची अरुंद बाजू त्या फटीसमोर आणायची आणि सगळं अंग फिरवून झटका द्यायचा. सुटले की पळायचं. उभं राहून दोन द्यायच्या भानगडीत पडू नका. कायदा बचावाचा हक्क देतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 त्यासाठीच आहेत. पण बचावाला लागेल तेवढाच बळाचा वापर, त्याहून जास्त नाही.

क्लास निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. बाईंकडे यायच्या आधी मी एका ठिकाणी चार महिने घालवले. दर दोन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, दर वेळी वेगळी फी, आणि सगळी हवेतली कवायत. कुणी खरोखर हात धरलेला नाही. पिवळा पट्टा बांधून मी गावभर मिरवले, आणि चुलतभावानं गमतीत धरल्यावर काहीच सुचेना. म्हणून आधी एक दिवस नुसतं बसून बघा. पोरी जोडीनं, जोडीदार बदलून सराव करतात का? अंगाला हात लावण्याआधी शिकवणारा विचारतो का? बाई असतील तर उत्तम. आणि बेल्टवर सरकारी नोकरी लागते असं कुणी सांगितलं तर निघून या: 5 टक्के क्रीडा आरक्षणाला ठरावीक स्पर्धांमधली कामगिरी लागते, पट्ट्याचा रंग नाही.

शाळेत असाल तर आधी मुख्याध्यापकांना विचारा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेखाली मुलींसाठी तीन महिन्यांचं राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण असतं. शाळेत यायला-जायला मुलींना एसटीचा पास फुकट आहे. बाकीच्या बायांना 2023 पासून अर्धं तिकीट.

पहिल्या महिन्यात ड्रेस विकत घेऊ नका. जुनी सलवार चालते, नाडी मात्र दुहेरी गाठीची. बांगड्या, कानातलं घरी ठेवा, नखं कापा. कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धा क्लास वावरात असतो, तेव्हा बाईंना आधीच सांगून ठेवलेलं बरं. आणि कुटार असेल तर पूर्ण बाह्यांचा कुर्ता घाला.